सुविचारांच्या भिंतीबद्दल खुले पत्र : आधी ग्रंथ उघडा, मग रंगाचा डबा

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शहर सुशोभीकरण समिती व वाचनालयाचे कार्यकारी मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

एस.टी. स्टँडपासून जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या चिऱ्याच्या भिंतीवर आपण साहित्यिकांची वचने रंगवून घेतलीत. कल्पना चांगली, अक्षर देखणे, आणि पिचकाऱ्या मारणाऱ्यांना थोडा वचक बसला हेही खरे. पण त्यांतल्या बऱ्याच वचनांखाली भलत्याचीच नावे आहेत, काही वचने अर्धीच आहेत आणि काहींचे शब्द बदलले आहेत. हे दाखवून दिल्यावर तोंडी उत्तर मिळाले की, भावना महत्त्वाची, नाव कुणाचे का असेना. तेही एकवेळ सोडून दिले असते. आता मात्र याच वचनांची पुस्तिका छापून तालुक्यातल्या शाळांत पाठांतर स्पर्धा घेण्याचे ठरल्याचे कळते. भिंतीवरची चूक पावसाळ्यात पुसट तरी होते, पाठ झालेली चूक माणूस साठ वर्षे बोलत राहतो. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आमचा यातला संबंध असा : आम्ही याच किनाऱ्यावर शिकवतो, वाचनालये सांभाळतो, मुद्रिते तपासतो. मुलांच्या निबंधात ही वाक्ये येणार आहेत आणि तिथे तांबडी शाई वापरण्याचे काम आमच्याकडेच येणार आहे.

सुरुवात सर्वांत मोठ्या अक्षरांपासून करू. बाळशास्त्री जांभेकरांच्या चित्राशेजारी 'लेखणी तलवारीहून श्रेष्ठ आहे' हे वाक्य आहे आणि खाली नाव नेपोलियनचे. हे वाक्य एडवर्ड बुल्वर-लिटन या इंग्रज लेखकाच्या 'रिशल्यू' या १८३९ सालच्या नाटकातले आहे, दुसरा अंक, दुसरा प्रवेश. नेपोलियन १८२१ साली वारला. पण नावापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. नाटकात हे वाक्य फ्रान्सचा वृद्ध मुख्यमंत्री रिशल्यू बोलतो. हातातली जुनी तलवार त्याला आता पेलत नाही, आणि त्याचा सेवक त्याला म्हणतो की आपल्या हाती दुसरी शस्त्रे आहेत. तेव्हा तो लेखणीकडे वळतो. म्हणजे ही लेखणी हुकमावर सही करणाऱ्या सत्ताधीशाची आहे, वृत्तपत्रकाराची नव्हे. शिवाय वाक्याला एक अट आहे : सर्वार्थाने थोर माणसांचे राज्य असेल, तर त्या राज्यात लेखणी तलवारीहून समर्थ. ती अट गाळली आणि जगभर उरलेला अर्धा भागच फिरला.

अट का महत्त्वाची, हे आपल्याइतके कुणाला कळावे? याच नाटककाराचा मुलगा लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, आणि त्यानेच १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला. छापखान्याकडून जामीन मागायचा, मजकूर पसंत पडला नाही तर यंत्रसामग्री जप्त करायची, आणि त्यावर न्यायालयात दाद नाही. इंग्रजी वृत्तपत्रे यातून मोकळी. हा लिटन स्वतः टोपणनावाने कविता लिहीत असे. बापाचे वाक्य आणि मुलाचा कायदा शेजारीशेजारी लिहिले असते तर भिंत वाचायला लोक थांबले असते. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले. त्यांच्या शेजारी नेपोलियनला उभे करण्याची गरजच काय होती?

दुसरी हरकत वाचनालयाच्या दारावरच्या पाटीला आहे. 'ग्रंथांविना घर म्हणजे आत्म्याविना शरीर – सिसेरो.' हे वाक्य सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाच्या उपलब्ध लेखनात सापडत नाही. जॉन लबक यांच्या 'द प्लेझर्स ऑफ लाइफ' या १८८७ च्या लोकप्रिय पुस्तकात 'सिसेरोने ग्रंथांविना खोलीला आत्म्याविना शरीर म्हटले आहे' अशा अर्थाचे विधान आहे, आणि तिथून ते सिसेरोचे म्हणून फिरत राहिले. सिसेरोने लिहिले ते वेगळे, आणि खरे तर जास्त चांगले आहे. ॲन्टियम या समुद्रकाठच्या गावी त्याचा ग्रंथसंग्रह विस्कटलेला होता. तिरानियो नावाच्या विद्वानाने तो लावून दिला. त्यासाठी सिसेरोने ॲटिकस या मित्राकडे दोन जाणते मदतनीस मागितले होते : गुंडाळ्या डिंकाने जोडायला आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लावायला. काम पुरे झाल्यावर त्याने त्याच मित्राला कळवले की तिरानियोने पुस्तके लावल्यापासून माझ्या घराला जणू बुद्धी आली आहे.

फरक लक्षात घ्या. पाटीवरचे वाक्य पुस्तके नुसती असण्याचे कौतुक करते. मूळ वाक्य पुस्तके नीट लावणाऱ्याचे कौतुक करते. जे मंडळ सूची अद्ययावत करण्याचे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलते, त्याच्या दारावर मूळ वाक्यच शोभेल.

हेमिंग्वे या अमेरिकी कादंबरीकाराच्या नावावर आपण तीन वचने चढवली आहेत आणि तिन्ही त्याची म्हणून सिद्ध होत नाहीत. 'नशेत लिहा, शुद्धीत तपासा' हे पीटर डी व्ह्रीस यांच्या १९६४ च्या 'रूबेन, रूबेन' या कादंबरीतल्या एका पात्राच्या बोलण्यातून आले आहे, आणि तिथे ते विनोदाच्या अंगाने येते. (शाळेच्या पुस्तिकेत हे वाक्य घालण्यापूर्वी निदान एका पालकाला तरी विचारायचे होते.) 'टंकलेखन यंत्रासमोर बसा आणि रक्त सांडा' याचा माग रेड स्मिथ या क्रीडा स्तंभलेखकापर्यंत जातो. रोज स्तंभ लिहिणे जड जात नाही का, असे विचारल्यावर त्याने चेहरा न बदलता सांगितले की छे, यंत्रासमोर बसायचे, शिरा उघडायच्या आणि रक्त सांडायचे. ही नोंद १९४९ च्या एका वृत्तपत्रीय स्तंभात आहे. त्याआधी १९४६ साली पॉल गॅलिको यांनी लेखनावरच्या पुस्तकात हीच कल्पना गंभीरपणे मांडली होती. तिसरी ती सहा शब्दांची 'बाळाचे जोडे विकणे आहेत, न वापरलेले' ही कथा. तिच्या जवळपासचे मजकूर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच अमेरिकी वृत्तपत्रांत आढळतात. हेमिंग्वे वारला १९६१ साली, आणि ती त्याची असल्याचा छापील दावा १९९१ च्या एका पुस्तकात दिसतो. तीस वर्षांचे हे अंतर पाहूनच कान टवकारायला हवेत.

व्हॉल्तेअर या फ्रेंच विचारवंताबद्दल थोडक्यात. 'तुझे म्हणणे मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे वाक्य एव्हलिन बिॲट्रिस हॉल या लेखिकेचे आहे. तिने एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने १९०६ साली व्हॉल्तेअरच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिले. एल्वेतियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचा ग्रंथ जाळण्यात आला त्या प्रसंगी व्हॉल्तेअरची वृत्ती काय होती, ते तिने आपल्या शब्दांत सांगितले आणि भोवती अवतरणचिन्हे घातली. त्या दोन चिन्हांमुळे तिचे नाव पुसले गेले. आपल्या भिंतीवर एकाही लेखिकेचे वचन नाही, आणि जे एक होते त्याखाली पुरुषाचे नाव आहे.

'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' याखाली आपण प्रेमचंद लिहिले आहे. साहित्य आणि आरसा ही जोडी युरोपात फार जुनी. शेक्सपिअरचा हॅम्लेट तिसऱ्या अंकात नटांना सांगतो की नाट्याचे काम निसर्गापुढे आरसा धरण्याचे. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याच्या १८३० च्या 'तांबडे आणि काळे' या कादंबरीत तेराव्या प्रकरणाच्या माथ्यावर वचन आहे : कादंबरी म्हणजे रस्त्याने फिरवत नेलेला आरसा. त्याखाली त्याने सॅं-रेआल या सतराव्या शतकातल्या लेखकाचे नाव घातले आहे, आणि अभ्यासकांना दाट संशय आहे की हे वचन स्तांदालनेच रचून त्याच्या नावावर खपवले. तेव्हा खोटी नावे लावण्याचा उद्योग थोरामोठ्यांनीही केला आहे. पण त्याने कादंबरीत केला, नगराच्या भिंतीवर नाही.

आता प्रेमचंद. १९३६ साली लखनौला प्रगतिशील लेखकांच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून ते म्हणाले की साहित्य हे देशभक्ती आणि राजकारण यांच्या मागून चालणारे सत्य नाही, तर त्यांच्या पुढे मशाल दाखवत चालणारे सत्य आहे. आरसा समोर असेल तेवढेच दाखवतो, मशाल पुढची वाट दाखवते. ज्या माणसाने मशाल म्हटले, त्याच्या हाती आपण आरसा दिलात. भाषण छापील उपलब्ध आहे, 'साहित्य का उद्देश्य' या नावाने.

परदेशी आणि परभाषेतल्या वचनांत घोटाळा होतो हे समजू शकते. मराठी वचनांचे काय? ते ग्रंथ वाचनालयाच्या पहिल्याच कपाटात आहेत.

'माझ्या मराठीची बोलू कौतुके, परि अमृतातेही पैजा जिंके' असे आपण लिहिले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ही चौदावी ओवी अशी आहे :

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

पहिला चरण बदलला, ही एक चूक. शेवटचे दोन चरण उडवले, ही त्याहून मोठी. 'मेळवीन' हे क्रियापदच गेले. ज्ञानदेव श्रोत्यांना शब्द देत आहेत की अमृतालाही पैजेने जिंकतील अशी अक्षरे मी जुळवीन. ती एका कवीने अंगावर घेतलेली जबाबदारी आहे. भिंतीवर तिची नुसती फुशारकी झाली. 'मराठाचि' की 'मऱ्हाटाचि' असे पाठभेद राजवाडे, साखरे वगैरे प्रतींत आहेत, म्हणून कोणती प्रत घेतली तेही लिहायला हवे.

पाठ बिघडण्याची चिंता नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली. पुढच्या तीनशे वर्षांत प्रती करणाऱ्यांच्या हातून तिच्यात इतकी भर आणि मोडतोड झाली की शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शोधून शुद्ध करावी लागली. ग्रंथ मुळात शुद्धच, पण पाठांतराने अबद्ध झाला, असे त्यांनी अखेरीस नोंदवून ठेवले. आपल्या स्पर्धेचे नावही 'पाठांतर' आहे, हा योग बघा. आणि ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजा, असेही नाथ बजावतात. नारळाच्या मुलखात नरोटी म्हणजे काय ते सांगायला नको.

'दिसामाजीं कांहीं तरी तें लिहावें, प्रसंगी अखंडित वाचीत जावें' याखाली 'श्रीमत् दासबोध' असे आहे. इथे ग्रंथ न उघडताही शंका यायला हवी होती. ओळ मोठ्याने म्हणून पाहा : दिसामा – जिं कांहीं – तरी तें – लिहावें. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. हे भुजंगप्रयात वृत्त आहे, 'मना सज्जना' ज्या चालीत म्हणतो तेच. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास, सगळे ओवीत आहेत. भुजंगप्रयातातली ओळ ओवीबद्ध ग्रंथाचा भाग होत नाही. मनाच्या श्लोकांत ती आहे का, हे पाहायचे तर श्लोक २०५ आहेत, एका बैठकीत वाचून होतात. समर्थांचे नाव ठेवायचे असेल तर कोणत्या संकलनातून, कितव्या पानावरून घेतले ते द्या. 'दासबोध' हा शब्द मात्र पुसावाच लागेल.

त्याऐवजी दासबोधातला एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडा. नावच 'लेखनक्रियानिरूपण'. बाळबोध अक्षर घडसून सुंदर करावे, असे सांगून सुरुवात होते, आणि मग काने, मात्रा, वेलांट्या नीट कशा असाव्यात इथपर्यंत समर्थ उतरतात. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहिले तर म्हातारपणी ते कामाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावे. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. परंपरा सांगते की दासबोध महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत लिहिला गेला. कोकणातल्या रंगाऱ्याला यापेक्षा उपयोगी सूचना कोण देणार? आपल्या भिंतीवर शेवटच्या ओळी गटाराच्या काठाला टेकल्या आहेत.

'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी आपण ज्ञानेश्वरांच्या नावावर टाकली. ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या क्रिस्तपुराणातली आहे. गोव्यातल्या रायतूर येथे १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. परक्या देशाहून आलेल्या माणसाने याच किनाऱ्यावर राहून मराठीची केलेली ही स्तुती, तिच्यावरचे नाव काढून घेणे हा सरळसरळ अन्याय आहे.

'गद्यं कवीनां निकषं वदन्ति', म्हणजे गद्य ही कवींची कसोटी, याखाली 'वामन' लिहिले आहे. वचन वामनाच्या काव्यालंकारसूत्रांवरच्या त्याच्याच वृत्तीत, म्हणजे स्पष्टीकरणात, आहे खरे, पण तिथे त्याने ते 'तथाहुः', म्हणजे 'असे म्हणतात', असे सांगून उद्धृत केले आहे. साधारण बाराशे वर्षांपूर्वी काश्मिरात बसलेल्या पंडिताने दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून सांगितले नाही. आपण ते त्याच्या गळ्यात बांधले.

एक नाजूक विषय. दोन रुपयांपैकी एकाची भाकरी घ्या, एकाचे पुस्तक, हे वाक्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चित्राखाली आहे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे राज्य शासनाने खंडांत छापली आहेत, पहिला खंड १९७९ चा. ज्यांनी पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' बांधले, त्यांचे ग्रंथप्रेम सिद्ध करायला बिनपत्त्याचे वाक्य लागत नाही. खंड आणि पान देता येत असेल तर द्या, आम्ही पहिले टाळ्या वाजवू. मात्र या साच्याची वाक्ये जगभर फिरतात हेही ध्यानात असू द्या. दोन भाकऱ्या असतील तर एक विकून फुले घे, ही ओळ इंग्रजीत शेख सादीच्या नावावर चालते. ती जेम्स टेरी व्हाइट यांच्या १९०७ च्या कवितेत सापडते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यांत, मंडणगड तालुक्यात आहे. तिथून येणारा माणूस या भिंतीपुढे उभा राहून 'कुठे म्हटलंय?' असे विचारील तेव्हा उत्तर तयार हवे.

सगळेच चुकले आहे असे नाही. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' हा तुकोबांचाच अभंग आहे. फक्त गाथेगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे नुसता क्रमांक देऊन भागत नाही, गाथा कोणती तेही हवे. काही पुस्तके चाखायची, काही गिळायची, थोडी चावून पचवायची, हे बेकनचे १५९७ च्या निबंधातले. पुस्तक म्हणजे आपल्या आतल्या गोठलेल्या समुद्रावरची कुऱ्हाड, हे काफ्काने २७ जानेवारी १९०४ ला ऑस्कर पोलाक या मित्राला लिहिलेल्या पत्रातले. स्वर्ग म्हणजे एक ग्रंथालय असणार, हेही बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाचेच. पण तो ज्या कवितेत हे म्हणतो तिचा विषय आहे ग्रंथ आणि अंधत्व दोन्ही एकदम देणाऱ्या देवाची थट्टा. १९५५ साली तो अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. एवढे एका ओळीत खाली लिहिले तर वाक्याचे वजन बदलते.

तपासायचे कसे, हा प्रश्न आपल्या एका सदस्यांनी विचारला होता. अवघड नाही, चिकाटी लागते. वाक्य पूर्ण न शोधता त्यातले चार-पाच वैशिष्ट्यपूर्ण शब्द सलग शोधावेत, कारण टोके बदलतात, मधला गाभा टिकतो. परभाषेतले असेल तर मूळ भाषेत शोधावे. मराठी असेल तर दोन्ही शुद्धलेखनांत : १९६२ च्या नियमांपूर्वीच्या छपाईत 'कांहीं', 'लिहावें' असे अनुस्वार असतात, त्यामुळे 'काही', 'लिहावे' शोधून जुने पुस्तक हाती लागत नाही. जुन्या पानांची यंत्राने केलेली अक्षरओळख 'ख' आणि 'रव' यांत गोंधळते, हेही गृहीत धरावे. सापडलेल्या उल्लेखांतला सर्वांत जुना निवडावा आणि लेखकाच्या मृत्यूच्या सालाशी ताडावा. इथे एक खड्डा आहे. ऑनलाइन ग्रंथसंग्रहांत नियतकालिकाच्या सगळ्या खंडांवर कधीकधी पहिल्या अंकाचेच साल पडलेले असते, म्हणून मुखपृष्ठाचे पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सालावर विसंबू नये. सुविचारांची दहा संकेतस्थळे म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, ती एकमेकांकडूनच उतरवतात.

मूळ पान मिळाले की आधीच्या दहा ओळी आणि नंतरच्या दहा ओळी वाचाव्यात. बोलतो कोण? लेखक की पात्र? आणि पात्र असेल तर ते शहाणे आहे की लेखक त्याची टर उडवतो आहे? वर सांगितलेल्या निम्म्या चुका एवढ्या वाचनाने टळल्या असत्या. संतवाङ्मयात छंद पाहावा, नाममुद्रा पाहावी, पण 'तुका म्हणे' असल्याने अभंग तुकोबांचा ठरत नाही. मागाहून रचणाऱ्यांनाही ती मुद्रा माहीत होती.

मग प्रत्यक्ष रंगकाम. रंगाऱ्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवू नये. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात, आणि तो बिचारा तसेच उतरवतो. पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक लिहीत, 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया', जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नका. हा बचाव रंगाऱ्याला शोभतो, समितीला नाही. पूर्ण आकाराचा कागदी खाका द्यावा. एकाने मूळ ग्रंथातून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने खाक्यावर बोट ठेवून तपासावे. उघड्या जांभ्यावर बारीक खुणा टिकत नाहीत, चिऱ्याच्या छिद्रांत अनुस्वार आणि ऱ्हस्व वेलांट्या नाहीशा होतात. तेव्हा गिलावा केलेला सपाट चौकोन किंवा कोरलेली कडाप्प्याची फरशी बरी. लोखंडी चौकट खाऱ्या हवेत गंजून अक्षरांवर ओघळ आणते. आणि भिंतीची ओल पुरती गेल्याशिवाय रंगाला हात लावू नये, नाहीतर पुढच्या पावसाच्या आत पोपडे.

आमच्या मागण्या :

१. वचने तपासून होईपर्यंत पुस्तिकेची छपाई आणि पाठांतर स्पर्धा थांबवावी.

२. प्रत्येक वचनाखाली कर्ता, ग्रंथ, साल, आणि अध्याय-ओवी, अंक-प्रवेश किंवा पान द्यावे. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव द्यावे. वाक्य शब्दशः नसेल तर 'आशय' असे स्पष्ट लिहावे.

३. कर्ता सापडत नसेल तर 'कर्ता अज्ञात' लिहावे. यात कमीपणा नाही. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तकच सांगते आहे हा लेखनिकांचा श्लोक निनावीच आहे, आणि कोकणातल्या वाचनालयाला दुसरे कुठलेही वचन इतके लागू पडणार नाही.

४. नेपोलियन, सिसेरो, हेमिंग्वे, व्हॉल्तेअर, प्रेमचंद, दासबोध आणि ज्ञानेश्वर या नावांखालची वर दाखवलेली वचने दुरुस्त करावीत किंवा काढावीत.

५. रिकाम्या होणाऱ्या जागी किनारपट्टीवरच्या लेखकांना स्थान द्यावे. मालगुंडचे केशवसुत कवींबद्दल 'आम्ही कोण?' या १९०१ च्या कवितेत 'आम्हांला वगळा – गतप्रभ झणी होतील तारांगणे' असे म्हणून गेले आहेत. कविता छापील आहे, स्मारक गावात आहे, तपासायला एस.टी.चे अर्धे तिकीटही लागणार नाही.

६. मजकूर अंतिम करण्यापूर्वी तो पंधरा दिवस वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावावा आणि हरकती लेखी घ्याव्यात. ज्या पानावरून वचन घेतले त्याची छायाप्रत फाईलला असावी आणि मागेल त्याला ती पाहायला मिळावी.

रत्नागिरीला सार्वजनिक वाचनालय १८२८ पासून आहे. या जिल्ह्यांत पुस्तके नाहीत, जाणकार नाहीत, अशी सबब चालण्यासारखी नाही. मजकूर तपासण्याचे काम आम्ही विनामूल्य करून देऊ. श्रेयाची पाटी नको, फक्त कपाटांच्या किल्ल्या आणि संध्याकाळी दिवा लागलेला वाचनकक्ष हवा. दिवाळीनंतर भिंत कोरडी होते. तोवर सगळी वचने तपासून होतील.

वर उल्लेखलेल्या पानांच्या छायाप्रती या पत्रासोबत वाचनालयाच्या कार्यालयात दिल्या आहेत. पोच आणि लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
गावातील काही शिक्षक, ग्रंथपाल आणि वाचक